अश्वशक्तीचा हव्यास

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढवावी की वाढवू नये, हा काय दिवाळी अंकात मांडण्याचा विषय झाला, असे माझ्या एका साहित्यिक स्नेह्यांनी मला विचारले. मी त्यांना म्हटले, एकदा सायंकाळी आळेफाट्याच्या चौकात अर्धा तास उभे राहून पाहा. विषय साहित्याचा नसेल, पण जिवाचा आहे.

निमित्त घडले ते माझ्या पुतण्यामुळे. तो मंचरला असतो. गाडी घेऊन त्याला दोन वर्षे झाली, हप्ते अद्याप तीन वर्षांचे आहेत. श्रावणात घोडेगावला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तात्या, पुण्यात एक जण लॅपटॉप जोडून इंजिनाचा मॅप बदलून देतो. शंभराची सव्वाशे हॉर्सपॉवर. पस्तीस हजार फक्त." त्या 'फक्त'वर मी काही बोललो नाही, कांद्याला बरा भाव मिळाला की आमच्याकडे सगळ्याच आकड्यांना 'फक्त' लागते. मी एवढेच विचारले, "ही वरची पंचवीस तू खर्च कुठे करणार?" त्याने मला जुन्या काळचा माणूस म्हणून सोडून दिले. म्हणून तोच प्रश्न आता चारचौघांत विचारतो आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करून टाकतो. शक्ती वाढते, ही थाप नाही. ज्या इंजिनाला टर्बो आहे त्यात हवा दाबून भरता येते. दाब वाढवला, इंधन वाढवले, ते सोडण्याची वेळ बदलली, की शंभराचे सव्वाशे होऊ शकतात. टर्बो नसेल तर मात्र लॅपटॉपवाल्याच्या हातात फारसे काही नाही. सिलिंडरात वातावरण जेवढी हवा ढकलील तेवढीच शिरणार. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे, तेथील हवा मुंबईच्या हवेहून सहा-सात टक्के विरळ. तेव्हा असल्या इंजिनाची तेवढी शक्ती आपण आधीच गमावलेली असते. माळशेज उतरून मुरबाडास गेलात की ती फुकटात परत मिळते, पस्तीस हजार मोजावे लागत नाहीत.

आता पंचवीस अश्वशक्ती म्हणजे किती ते पाहू. पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आमच्या विहिरीवर मोट जाऊन ऑइल इंजिन आले ते पाच अश्वशक्तीचे होते, आणि त्याने कांद्याचे सगळे रान भिजत असे. म्हणजे पुतण्या आपल्या मोटारीत विहिरीवरची पाच इंजिने आणखी बसवू पाहतो आहे. त्या पाच इंजिनांनी वेग किती वाढेल? वाऱ्याचा विरोध असा काही दुष्ट आहे की वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. त्या हिशेबाने ताशी १६० किलोमीटर जाणारी मोटार सव्वापट शक्तीवर १७२ जाईल. पाच इंजिने, बारा किलोमीटर! आणि तेही कोठे, तर ज्या देशात चारपदरी महामार्गावरसुद्धा कायदा मोटारीला ताशी १०० च्या पुढे जाऊ देत नाही. घोडेगावहून भीमाशंकरच्या वाटेवर चाळीसच्या वर काटा गेला तर घरची माणसे देवाचे नाव घेऊ लागतात.

येथे प्रतिपक्ष आपला हुकमी पत्ता काढतो. "कमाल वेग कुणाला हवा आहे? ओव्हरटेक करताना शक्ती हाताशी असली की माणूस वाचतो." हा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दिवाळी सरते न सरते तोच विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि प्रत्येक रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. त्यांच्यामागून तासाला वीसच्या गतीने सरपटणे काय असते हे मी जाणतो. तेव्हा हिशेब करूच. चाळीसावरून ऐंशीवर जायला गाडीला आठ सेकंद लागत असतील, तर सव्वापट शक्तीवर साधारण साडेसहा लागतील. दीड सेकंद वाचला. समोरून ताशी ८० ने येणारे वाहन दीड सेकंदात तेहेतीस मीटर येते. म्हणजे या सौद्यात तुम्हांला तेहेतीस मीटर मिळाले, हे मी कबूल करतो.

परंतु ते शिल्लक कोण ठेवतो? ज्याच्याकडे शक्ती नाही तो ट्रॉलीमागे मुकाट्याने राहतो. ज्याच्याकडे ती आली तो पूर्वी जी फट सोडून देत असे तिच्यात शिरतो, आणि तेहेतीस मीटरांच्या जोरावर साठ मीटरांची उधारी करतो. शिवाय ब्रेक तेच, टायर तेच. कोरड्या डांबरावर ताशी ८० ची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे पस्तीस मीटरांत थांबते, शंभराची पंचावन्न मीटरांत. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद वेगळाच. लॅपटॉपने इंजिनाला जे शिकवले ते ब्रेकला कोण शिकवणार? आणि ट्रॉलीच्या मागे तांबडा दिवा नसतो, चमकणारी पट्टी नसते, त्यावर इंजिनाच्या मॅपमध्ये काही तोड आहे काय?

हे मी पुस्तकातले सांगत नाही. १९९२ साली मीही हा शहाणपणा केला आहे. माझी डिझेलवरची जीप होती, टर्बो वगैरे काही नाही. एका मिस्त्रीने इंधनपंपाचे शिशाचे सील तोडले, स्क्रू फिरवला आणि पंप 'वाढवून' दिला. त्या आठवड्यात मी स्वतःला कोण समजत होतो, ते लिहायला आज लाज वाटते. हवा तेवढीच आणि इंधन जास्त, तेव्हा जे जळत नव्हते ते काळा धूर होऊन मागे जात होते आणि जे जळत होते ते इंजिन तापवत होते. वैशाखात कल्याणहून परतताना, आई मागच्या बाकावर, माळशेजचा चढ अर्धा झाला आणि काटा लाल पट्टीत गेला. रेडिएटरमधून वाफ, हेड गॅस्केट गेलेले. बोगद्याच्या अलीकडे आम्ही तीन तास उभे होतो. आईला शेवटी आळेफाट्याच्या एसटीत बसवून दिली. ती खिडकीतून मला म्हणाली, "आधीची चांगली नव्हती का रे?" त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्याने मला जे हवे होते तेच दिले.

कंपनीने जी शक्ती राखून ठेवलेली असते ती तिने चोरून ठेवलेली नसते, हे मला त्या बोगद्याशी कळले. एकच इंजिन राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या विरळ हवेत, भेसळीच्या डिझेलवर, नि तेल बदलण्याचे विसरणाऱ्या माणसाच्या हाती चालायचे असते. ती राखण म्हणजे आपल्याच चुकांसाठी ठेवलेले धान्य आहे. हल्ली तर मॅप बदलताना धूर गाळणारी जाळीही काढून टाकतात. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ चे नियम आले ते काय रस्त्याकाठी शाळेत जाणाऱ्या पोरांनी यांचा धूर गिळावा म्हणून? कायद्याचे तर विचारूच नका. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले, आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणाने हात वर करू शकते. पण आमच्याकडे कायद्याचे भय घालून कोणी ऐकल्याचे मला आठवत नाही, म्हणून तो मुद्दा मी फार ताणत नाही.

राहिली हौस. हौसेला मोल नसते, हे मला मान्य आहे. आमच्याच भागातला बैलगाडा पाहा. ती शर्यत योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. २०१४ साली न्यायालयाने ती बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा उचलून धरला. मला सांगायचे आहे ते निराळे. गाडामालक वर्षभर बैलाला खाऊ घालतो ते दहा-बारा सेकंदांच्या बारीसाठी. पण त्या सेकंदांना जागा ठरलेली आहे. घाट आखलेला, त्याला चढ आहे, दुतर्फा माणसे आहेत, एका वेळी एकच गाडा सुटतो आणि समोरून कोणी येत नाही. घाट मिळावा म्हणून ही माणसे सात वर्षे कोर्टात भांडली. यात्रेच्या गाड्याला जुंपायचे बैल कोणी मंचरच्या बाजारपेठेतून भिर्र करून पळवीत नाही. मोटारीची हौस असणाऱ्यांनाही कोइंबतूरला करी स्पीडवे आहे. तेथे जाऊन मोटारीची हाडे मोकळी करणाऱ्यांविषयी माझी काही तक्रार नाही. पुतण्याला मी हेच म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "तात्या, कोइंबतूर हजार किलोमीटर आहे." मग पंचवीस अश्वशक्ती घेऊन तो खर्च करणार कोठे, हा माझा पहिलाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि त्याचे उत्तर दोघांनाही ठाऊक होते: राजगुरुनगर ते आळेफाटा.

भाऊबीजेला तो येणार आहे. त्याच्या गाडीचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले आहेत, हे मी श्रावणातच पाहिले होते. चारही नवे घ्यायचे तर निम्मे पैसे मी देतो, असे त्याला कळवले आहे. अजून उत्तर आलेले नाही.