प्रसिद्धीपत्रक आणि बातमी

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांत गेल्या दोन दशकांत एक नवा अभ्यासक्रम रुजला आहे. त्याचे नाव ठिकाणपरत्वे बदलते. कुठे वृत्तपत्रविद्या, कुठे जनसंज्ञापन, तर कुठे संवादकौशल्य व जनसंपर्क. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७) कम्युनिटी कॉलेजची योजना पुढे आणली, तेव्हा स्थानिक गरजेनुसार स्थानिक तरुणांना कौशल्य द्यावे हीच दृष्टी होती. शेतकऱ्याच्या किंवा लहान दुकानदाराच्या घरातील मुलगी पुण्या-मुंबईस न जाता आपल्या गावातच लेखणी आणि कॅमेरा हाती घेते, ही आनंदाची गोष्ट आहे. ग्रामसभा, बाजार समिती, सहकारी सोसायटी, पाणीपुरवठ्याची बैठक या ठिकाणी समाजजीवनाची खरी घडामोड होत असते आणि तेथे बसून टिपण घेणारा जाणता वार्ताहर आज दुर्मीळ आहे.

तथापि, या वर्गांत पत्रकारिता आणि जनसंपर्क हे दोन विषय ज्या रीतीने एकत्र शिकवले जातात, त्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. बहुधा शिक्षक एकच असतो आणि तंत्रही एकच. आकर्षक मथळा, पहिल्या परिच्छेदात सर्व सार, मग उतरत्या महत्त्वाने तपशील. विद्यार्थी सकाळी एखाद्या साखर कारखान्याचे प्रसिद्धीपत्रक लिहितो आणि दुपारी त्याच कारखान्याच्या वार्षिक सभेची बातमी. दोन्ही मजकूर सारखेच दिसतात. गुणही सारखेच मिळतात. पहिला मजकूर कारखान्याच्या वतीने आहे आणि दुसरा वाचकाच्या वतीने, हा भेद त्याला कोणी सांगत नाही. सभेत सभासदांनी विचारलेला उसाच्या थकीत बिलाचा प्रश्न पहिल्यात नसला तर समजण्यासारखे आहे. दुसऱ्यात नसला तर ती बातमीच नव्हे.

जनसंपर्क हा व्यवसाय हलका आहे, असे मुळीच म्हणायचे नाही. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत काम केलेल्या आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचे काम स्वीकारताना आपली तत्त्वे उघडपणे जाहीर केली होती. माहिती कोणाच्या वतीने दिली जात आहे हे लपवायचे नाही, आणि संपादकाला ती जाहिरात वाटली तर त्याने ती छापू नये, असा त्यांचा आशय. पुढे त्यांच्या स्वतःच्या कामावरही टीका झाली, ही गोष्ट वेगळी. पण या व्यवसायाची प्रतिष्ठा नाव उघड ठेवण्यात आहे, हे त्यांनी ओळखले होते.

नाव लपले की काय होते, ते महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याची शब्दशः तीच स्तुती प्रसिद्ध झाली, आणि काही ठिकाणी तर खाली निरनिराळ्या वार्ताहरांची नावे होती. 'पेड न्यूज' हा शब्द त्यानंतर घरोघरी पोहोचला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला. तो पूर्ण स्वरूपात जनतेसमोर येण्यास २०११ साल उजाडले, आणि त्यासाठीही केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला. हा अहवाल पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात वाचून घेतला पाहिजे.

त्याहून जवळचा आणि अधिक मोलाचा धडा आपल्या घरातच आहे. १८८२ मध्ये लोकमान्य टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपण तो प्रसंग त्यागाची कथा म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे या तळमळीने 'केसरी' आणि 'मराठा' यांनी लेखणी उचलली होती. परंतु कारभारी बर्वे यांची म्हणून जी पत्रे पुढे आली, ती न्यायालयात बनावट ठरली. हेतू निर्मळ, धैर्य असामान्य, आणि कागद मात्र खोटा! लोकमान्यांविषयीचा आदर तसूभरही कमी न करता हा भाग विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो. किंबहुना आदर आहे म्हणूनच ठेवला पाहिजे. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर क्षणार्धात पुढे पाठवणाऱ्या पिढीला कागदाची परीक्षा शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

हे सांगत असताना आपल्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. आपल्याकडे प्रसिद्धीचे काम निष्ठेने करणारे अनेक जण आहेत आणि त्यांतील काही या अभ्यासक्रमांतूनच आले आहेत. पण शिबिराचा वृत्तान्त असला की 'अलोट गर्दी' आणि 'उत्स्फूर्त प्रतिसाद' हे शब्द ठरलेले. उपस्थिती दीडशे असेल तर दीडशे लिहावी. दीडशे माणसे रविवारची सकाळ समाजाला देतात, ही काय लहान बातमी आहे? फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की पुढचा खरा आकडाही कोणी मानत नाही.

नारद जयंतीस आपण देवर्षींना आद्य पत्रकार म्हणून वंदन करतो. मात्र तसबिरीला हार घातल्याने अभ्यासक्रम भारतीय होत नाही. संज्ञापनाच्या वर्गात आजही प्रारंभ होतो तो शॅनन यांच्या १९४८ च्या आकृतीने, आणि ती मुळात दूरध्वनीच्या तारांचा प्रश्न सोडवण्यासाठी काढली होती. काठमांडू विद्यापीठातील निर्मलमणी अधिकारी यांनी २००३ मध्ये भरताच्या नाट्यशास्त्राच्या परंपरेतील साधारणीकरण आणि सहृदय या संकल्पनांवरून संज्ञापनाचे प्रारूप मांडले. शेजारच्या नेपाळमध्ये हे होऊ शकते, तर पूर्वरंग-उत्तररंगाच्या बांधणीने निरक्षर श्रोत्यालाही वेदान्त समजावणारा नारदीय कीर्तनकार आमच्या वर्गात का येऊ नये? शॅननही शिकवावेत, कीर्तनही ऐकवावे. विद्यार्थी दोन्ही पेलण्याइतका समर्थ असतो.

संस्थाचालकांकडून अपेक्षा फार नाहीत. महागडा स्टुडिओ उभारण्यापूर्वी ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव अंक ठेवावेत. १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा नोंदणी कायदा आला, बदनामीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. हे शिकवण्यासाठी गावातीलच एखाद्या वकिलास बोलवावे. आणि पत्रकारिता व जनसंपर्क यांच्या तासांना शक्यतो दोन वेगळे शिक्षक द्यावेत, मग त्यांपैकी एक जण मानधनावर आठवड्यातून एकदाच येणारा निवृत्त वार्ताहर असला तरी चालेल.