गिरमिटियांच्या वंशजांचा धागा तुटतो कोठे?

मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाच्या समारंभासाठी मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तेथे गेल्या असताना, त्या देशातील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ज्याला सर्वत्र ओसीआय कार्ड म्हणतात त्याचे, दार खुले करण्यात येत असल्याची घोषणा त्यांनी केली. घोषणेचे तेथे मनापासून स्वागत झाले आणि ते होणे स्वाभाविक होते. परंतु सात पिढ्या मागे जाणे म्हणजे काय, याची कल्पना घोषणा ऐकणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल. महाराष्ट्रात आजन्म एका गावी राहिलेल्या माणसालाही पणजोबांच्या मागचे नाव बहुधा सांगता येत नाही. मग ज्याचा पूर्वज दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून गलबतात बसला आणि पुन्हा परतला नाही, त्याने आपले मूळ शोधायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. त्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव आणि बंदरावर उतरल्याची तारीख या गोष्टी अनेकदा आजही सापडतात. त्या सापडतात मॉरिशसमध्ये. सापडत नाही ते त्याचे रत्नागिरीतले किंवा साताऱ्यातले घर.

हे असे का झाले ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचले. त्यानंतर तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ पासून, मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळेवाल्यांना गुलामांच्या जागी माणसे हवी होती आणि ती त्यांना हिंदुस्थानात मिळाली. मजुरांची फसवणूक आणि हाल यांचा गवगवा झाल्यावर १८३९ मध्ये ही वाहतूक बंद करण्यात आली. पण मळेवाल्यांची निकड सरकारच्या सदसद्विवेकबुद्धीपेक्षा प्रबळ ठरली आणि १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या एका बेटावर उतरली. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली. मुंबईचा वाटा तिघांत सर्वांत लहान. परंतु आज मॉरिशसमध्ये मराठी ही भाषा आणि मराठी हा समाज म्हणून जे काही आहे, ते मुख्यतः त्या लहान वाट्यातून, कोकणातून आणि घाटावरच्या काही भागांतून गेलेल्या माणसांनी उभे केलेले आहे. ‘अॅग्रीमेंट’चे गिरमिट झाले आणि करार करणारा गिरमिटिया झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार. हा योगायोग कोकणातल्या एखाद्या मजुराच्या ध्यानात आला असेल तर तो खिन्नपणे हसला असेल.

मळेवाल्यांना आणि त्यांच्या सरकारला मजूर पळून जाऊ नये, याची चिंता होती. म्हणून त्याची नोंद झाली, आणि ती अत्यंत बारकाईने झाली. बेटावर उतरणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे व तो जन्मभर त्याच्या मागे राही. लग्नाच्या, मृत्यूच्या दाखल्यावरही तो क्रमांक आढळतो. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरावरही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती आली. तो जवळ नसला की भटक्या ठरवून पकडण्यात येई. ज्या काळात मुंबईतल्या सुखवस्तू घरांतही छायाचित्र ही अपूर्वाई होती, त्या काळात मळ्यावर खपणाऱ्या मजुराचे छायाचित्र काढले गेले. ते त्याच्या कौतुकासाठी खासच नव्हते. तथापि पाळत ठेवण्यासाठी लिहिलेला हा दप्तरखाना आज त्याच्याच पणतू-खापरपणतूंचा वंशवृक्ष होऊन बसला आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही कागदपत्रे सांभाळलेली आहेत आणि वंशजाला तेथून आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा दाखला मिळू शकतो. पोर्ट लुईच्या ज्या तळावर मजूर उतरवले जात, तो आप्रवासी घाट युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

महाराष्ट्रात वंशेतिहासाची परंपरा नाही असे नाही. कुलवृत्तांतांचे जाडजूड खंड मराठीत जितके निघाले तितके इतर भारतीय भाषांत क्वचितच निघाले असतील. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी कुणब्यांच्या दारात येऊन त्यांची वंशावळ वाचून दाखवतात. पण कुलवृत्तांत निघाले ते प्रामुख्याने शिकल्या-सवरल्या, इनाम-वतने असलेल्या घराण्यांचे, आणि क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत नाव चढण्यासाठी क्षेत्राला जाण्याची ऐपत लागे. ज्यांना देवळाच्या पायरीशीच अडवले जाई, त्यांच्या नावाला त्या वहीत जागा कोठून असणार? जो माणूस पोटासाठी काळ्या पाण्यापलीकडे गेला, तो बहुधा या सर्व वह्यांच्या बाहेरचा होता. त्याची पहिली आणि बहुधा एकमेव लेखी वंशावळ परक्या सरकारच्या कारकुनाने परक्या लिपीत लिहिली.

त्या कारकुनाच्या लिपीपासूनच अडचणी सुरू होतात. इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिलेले गाव ‘सिरगांव’ असे दिसले, तर ते रत्नागिरीजवळचे शिरगाव, चिपळूणकडचे की देवगडचे? पाली म्हटली तर रत्नागिरी तालुक्यातली की सुधागडातली? जिल्ह्यांच्या सीमाही जागच्या जागी राहिलेल्या नाहीत. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये आणि त्याचे रायगड झाले १९८१ मध्ये. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. शिवाय अनेकजण आधी पोटासाठी मुंबईस आले आणि तेथे भरतीदाराच्या हाती लागले. अशा माणसाने गाव विचारल्यावर ‘मुंबई’ असे सांगितले असेल, तर शोध तेथेच संपतो. आडनावाचा आधार घ्यावा, तर तोही नाही. मजुराचे आडनाव कोणी विचारले नाही. त्याचे किंवा त्याच्या बापाचे नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. बापू, बाळाजी, सखाराम अशी आडनावे घेऊन कोणी कोकणात चौकशी करू लागला, तर गावकरी त्याला कोणत्या घराकडे बोट दाखवणार?

पण खरी तूट याहून खोल आहे आणि ती कोकणच्या खोती पद्धतीत दडलेली आहे. खोती गावात सरकारचा व्यवहार असे तो खोताशी. सारा खोत भरी; कुळांकडून धान्याचा हिस्सा तोच वसूल करी. कूळ कोण आहे, किती भाऊ आहेत, कोण परागंदा झाला, याच्याशी सरकारी दप्तराला फारसे कर्तव्य नव्हते. देशावर रयतवारीत शेतकऱ्याचे नाव सरकारच्या वहीत येई. कोकणातला कुळवाडी त्या वहीच्या आड राहिला. त्याचे नाव असलेच तर खोताच्या घरच्या मोडी चोपड्यांत होते. पुढे पाहणी झाली, वहिवाटदारांची नोंद करणारी बोटखते तयार झाली, १८८० चा खोती कायदा आला. पण मुंबईहून मॉरिशसला गेलेल्यांपैकी पुष्कळजण तोपर्यंत निघून गेले होते. ज्या व्यवस्थेने त्यांना देशोधडीला लावण्यास हातभार लावला, तिनेच त्यांचे माघारी फिरण्याचे चिन्हही पुसले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. त्या चोपड्यांचे काय झाले, हे ज्या त्या घराच्या माळ्याला ठाऊक.

तरीही मार्ग अगदीच बंद नाही. गेलेला गेला, पण त्याचे भाऊ-पुतणे राहिले. त्यांच्या मृत्यूच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये सापडू शकतात. त्यांची नावे बोटखतात असू शकतात. मॉरिशसच्या नोंदीतले बापाचे नाव आणि गाव एका बाजूला, नि बोटखतातले त्याच बापाच्या दुसऱ्या मुलाचे नाव दुसऱ्या बाजूला, अशी सांधेजोड करता आली तर घर सापडते. यासाठी कोणा एका वंशजाने पंधरा दिवसांच्या रजेत रत्नागिरीला येऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. हे काम शासनाचे आहे.

शासनाला ते जमणार नाही, असे आता कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभरची दप्तरे उघडली. खासरापत्रके, पाहणीपत्रके, कोतवाल बुके निघाली. मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे जाहीर झाले. आरक्षणाच्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच, की राजकीय निकड निर्माण होताच जी दप्तरे वर्षानुवर्षे धूळ खात पडली होती ती काही महिन्यांत बोलू लागली. मॉरिशसच्या मराठी माणसाला महाराष्ट्रात मत नाही, एवढेच त्याचे दुर्दैव.

बिहारची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२ मध्ये बक्सर जिल्ह्यातील भेलूपूर या आपल्या पूर्वजांच्या गावी आल्या. शिवसागर रामगुलाम यांच्या घराण्याचे मूळ भोजपूर जिल्ह्यातील हरिगावात असल्याचे दाखवता आले. सुरिनाममध्ये कलकत्त्याहून गेलेल्या सुमारे ३४ हजार मजुरांची सूची डच अभिलेखागाराने कोणालाही शोधता येईल अशी खुली केली आहे. आणि महाराष्ट्राने काय केले? १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद मॉरिशसला भरली, तेथल्या गणेशोत्सवाचे आणि कोकणच्या जाखडीशी नाते सांगणाऱ्या ‘झाकरी’ नाचाचे कौतुक झाले, शिष्टमंडळे गेली आणि आली. हे सर्व चांगलेच झाले. परंतु मुंबईहून सुटलेल्या जहाजांच्या नोंदींच्या प्रती मोक्याहून मागवून त्या मुंबईच्या पुराभिलेखागारात ठेवाव्यात, जुन्या स्पेलिंगांसह मुंबई इलाख्यातल्या गावांची सूची करावी, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा, कोल्हापूर येथे अशा चौकशा घेणारी एकेक खिडकी उघडावी, हे रुक्ष काम मात्र अद्याप कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठळकपणे आलेले नाही. आठशे-हजार पाहुण्यांच्या एका संमेलनाला लागतो तेवढाही पैसा त्याला लागू नये.

गावाकडून याला विरोध होईल, ही शंका खोटी नाही. दूरचा भाऊबंद आला की तो जमिनीत हिस्सा मागणार, अशी धास्ती कोकणात मुंबईच्या चाकरमान्याबद्दलही असते. मग मॉरिशसवाल्याबद्दल का नसावी? सात-बाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असलेल्या गुंठाभर जागेसाठी कोणी हिंदी महासागर ओलांडून येईल, हे संभवनीय नाही, आणि ओसीआय कार्डाने येथे शेतजमीन विकत घेण्याचा हक्कही मिळत नाही. हे तलाठ्याने पहिल्याच भेटीत समजावून सांगितले तर दारे उघडतील.

जातीचा रकाना मात्र एवढ्याने मिटणारा नाही. मॉरिशसमध्ये भाषा हीच समाजाची ओळख बनली आणि मराठी म्हणवणाऱ्या घरांतून जातीचे तपशील पुष्कळसे विरले. तेथल्या वंशजाच्या हाती जेव्हा मूळ नोंद पडते, तेव्हा तो रकाना पुन्हा उघडतो. कोरेगावच्या विजयस्तंभावरील अनेक नावे ‘नाक’ या अक्षरांनी संपतात; तसे नाव एखाद्या जहाजाच्या यादीत दिसले तर ते कोणत्या वस्तीकडे बोट दाखवते, हे इकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. वंशजाला ते कळणे हा त्याचा अधिकार आहे. प्रश्न इकडच्यांचा आहे. पूर्वजाचे घर गावठाणात निघाले तर सरपंच हार घेऊन उभा राहणार आणि गावकुसाबाहेर निघाले तर सत्कार रद्द होणार, असे घडणार असेल, तर त्या पाहुण्याने आपला क्रमांक आणि छायाचित्र घेऊन मोक्यालाच थांबलेले बरे.

गिरमिटाची प्रथा संपावी असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचे. ठराव फेटाळला गेला. पाच वर्षांनी ती भरती थांबली. त्या वेळी प्रश्न होता नव्या माणसांना जाऊ न देण्याचा. गेलेल्यांना परतीचा पत्ता देण्याचे काम त्यानंतरच्या शंभर वर्षांत झालेले नाही, आणि दरम्यान पावसाळे दप्तरांवरून जातच आहेत. कोकणच्या ओलीत कागद किती टिकतो, हे तेथल्या कोणत्याही अभिलेख कक्षात जाऊन पाहावे. मोडी सहजपणे वाचणारे जुने कारकून तर आता जवळजवळ उरलेच नाहीत. आणि शिंदे समितीच्या निमित्ताने मोडी वाचण्यास जे पुढे आले, त्यांच्या हातांना पुढचे काम काय द्यायचे, ते शासनाला ठरवायचेच आहे. रत्नागिरीची बोटखते त्यांच्यापुढे ठेवता येतील.