तेल खाणारे जीवाणू आणि त्यांची मैत्रीण

गॅरेजसमोरची काळी, तेलकट माती तुम्ही पाहिली असेलच. तिथं पाणी नीट जिरत नाही, गवतही धड उगवत नाही. अशी माती पुन्हा स्वच्छ होईल का?

होऊ शकते! आणि हे काम करतात मातीतच राहणारे जीवाणू. पेट्रोल, डिझेल, ऑइल ही मुख्यतः हायड्रोकार्बनं, म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन यांची संयुगं. आपल्याला ती विषारी, पण स्यूडोमोनाससारख्या काही जीवाणूंचं ते जेवण! ऑक्सिजन वापरून ते तेलाचे रेणू तोडतात. त्यातून शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं.

मग सांडलेलं तेल लगेच नाहीसं का होत नाही? कारण नुसत्या तेलावर जीवाणूंचं भागत नाही. त्यांना नायट्रोजन, फॉस्फरस लागतो आणि हवाही लागते. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काजवळ 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. तेव्हा तेलानं माखलेल्या काही किनाऱ्यांवर चक्क खत फवारलं! तिथल्याच जीवाणूंना जोर आला आणि तेलाचं विघटन लवकर होऊ लागलं. पण वाळूगोट्यांच्या खाली, जिथं हवा नीट पोचत नव्हती, तिथं पुढं कित्येक वर्षं तेल सापडत राहिलं.

जमिनीवर मात्र जीवाणूंच्या मदतीला धावून येते एक मैत्रीण: वनस्पती. गवताची तंतुमुळं माती भुसभुशीत करतात, त्यामुळे हवा आत शिरते. मुळांतून साखर आणि इतर पदार्थ झिरपतात. या खाऊमुळे मुळांभोवती जीवाणूंची गर्दी होते. लसूणघासासारख्या वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. म्हणजे खताचीही थोडी सोय झाली! तेल संपवतात मुख्यतः जीवाणूच. झाड त्यांना घर आणि खाऊ देतं.

पण 'मग ओता खुशाल तेल' असं म्हणू नका हं! हे काम महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. तेल फार झालं तर बीच रुजत नाही. शिवाय वापरलेल्या इंजिन ऑइलमधले धातू कोणताच जीवाणू नष्ट करू शकत नाही. म्हणून घरच्या गाडीचं ऑइल बदलताना आईबाबांना नक्की विचारा, "जुनं ऑइल कुठं जाणार?"