अंदाजपत्रकात बायकांचा तलाव कुठे आहे?



आमच्या गटातली एक ताई चाकणच्या एका कंपनीत लाईनवर काम करते. आठ तास उभं राहून तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत सल्ला दिला, "जमलं तर पोहायला जा, पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही." ती हसत हसत मला हे सांगत होती, जणू डॉक्टरांनी तिला विमानाने फिरायला सांगितलं होतं! मी म्हटलं, चल, बघून तर येऊ.

आम्ही दोघी जवळच्या एका सार्वजनिक तलावावर गेलो. बायकांसाठी दिवसात एकच बॅच, दुपारी तीनची. ताईची फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते आणि कंपनीची बस भोसरीत यायला पाच वाजतात. तलाव उघडा. एका बाजूला इमारतीच्या गॅलऱ्या, दुसऱ्या बाजूला जाळीचं कुंपण आणि कुंपणाला टेकून उभी असलेली पोरं. कपडे बदलायच्या खोलीला कडी नव्हती. जीवरक्षक पुरुष, शिकवणाराही पुरुष. आणि पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरता येणार नाही, हा नियम. ताई परत येताना एवढंच म्हणाली, "हे आपल्यासाठी बांधलेलंच नाही."

या अंकाचं संपादकीय तिच्या या वाक्याबद्दल आहे.

आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचे तलाव कमी नाहीत. निगडी, भोसरी, सांगवी, कासारवाडी, थेरगाव, नेहरूनगर अशा अनेक भागांत ते आहेत. पैसा नाही असंही म्हणता येणार नाही. २०२५-२६ चं अंदाजपत्रक केंद्राच्या योजना धरून साडेनऊ हजार कोटींच्या पुढे गेलं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, आज ती कितीतरी वाढली आहे. त्यात निम्म्याच्या जवळपास आपण आहोत. मग बाईला निर्धास्तपणे, बारा महिने पाण्यात उतरता येईल असा छताखालचा, भिंतीआडचा सार्वजनिक तलाव ही आपली साधी मागणी का असू नये?

ही मागणी मांडली की पहिला प्रश्न येतो : शहरात नळाला दिवसाआड पाणी, आणि तुम्हाला पोहायला तलाव हवा? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआडच्या पाण्याची झळ सर्वांत जास्त बायकांनाच लागली आहे. पिंप भरून ठेवणं, पाण्याच्या वेळेसाठी घरी थांबणं हे सगळं आपल्याच वाट्याला येतं. म्हणून हिशेब करू या. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात साधारण ३ लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीसेक टँकर. शहराला रोज ५० कोटी लिटरहून जास्त पाणी लागतं. त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकंही हे पाणी नाही. शिवाय ते रोज बदलायचं नसतं, गाळून आणि शुद्ध करून तेच पुन्हा वापरतात. छत असेल तर ऊन आणि पालापाचोळा कमी पडतो, वाफ कमी होते. दिवसाआडच्या पाण्यासाठी आपण भांडतोच आहोत, पुढेही भांडू. पण एका हक्काचं नाव पुढे करून दुसरा मागे ढकलायचा, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. पाळणाघर मागितलं की रस्ते दाखवतात, स्वच्छतागृह मागितलं की उड्डाणपूल.

दुसरा प्रश्न : ही चैन नाही का? कायदाच याचं उत्तर देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६६ मध्ये महापालिकेने स्वेच्छेने करायच्या कामांत पोहण्याचे तलाव येतात, आणि ते येतात ते सार्वजनिक आरोग्य सुधारणाऱ्या संस्थांच्या जोडीला. इंग्लंडमध्ये १८४६ सालीच कामगार वस्त्यांसाठी सार्वजनिक न्हाणीघरं आणि धुलाईघरं बांधण्याचा कायदा झाला, आणि १८७८ मध्ये छताखालचे पोहण्याचे तलाव बांधण्याची मुभा तिथल्या नगरपालिकांना मिळाली. गिरण्या आणि कारखान्यांच्या गावांनी ते बांधले. आपलंही शहर कारखान्यांनीच उभं केलेलं आहे.

आणि पोहणं म्हणजे नुसता व्यायाम नव्हे, तो जीव वाचवण्याचा प्रश्न आहे. देशात २०२२ या एका वर्षात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. त्यात पुरुष जास्त आहेत हे खरं, कारण पाण्यात उतरायची मोकळीक त्यांनाच जास्त. पण जेव्हा पाणीच घरात येतं तेव्हा काय होतं, ते डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दाखवलं. ऑक्सफॅम संस्थेने २००५ मध्ये केलेल्या पाहणीत तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात मेलेल्या बायकांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. लाट आली तेव्हा बायका किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या, लेकरं कडेवर होती, अंगावर साड्या होत्या. आणि पोहायला, झाडावर चढायला मुलांना शिकवतात तसं मुलींना कुणी शिकवलेलं नव्हतं. आपल्या शहरातून पवना वाहते, कडेने मुळा आणि इंद्रायणी वाहतात. काठावरच्या वस्त्यांत दर पावसाळ्यात पाणी शिरतं. तिथल्या मुलींना पोहता येतं का, हे कुणी विचारलं आहे?

पाण्यावर हक्क कुणाचा, हा महाराष्ट्राला नवा प्रश्न नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मुंबईत मृणालताई गोरे पाण्यासाठी लढल्या आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिलं. त्या लढ्यांशी आपल्या मागणीची बरोबरी करण्याचा अगोचरपणा आम्ही करणार नाही. पण सार्वजनिक पाणी खरोखर सगळ्यांचं असलं पाहिजे, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

आता अंदाजपत्रकाकडे येऊ. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बायकांना नागरी संस्थांत एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आपल्या महापालिकेत १२८ पैकी ६४ जागा बायकांच्या. केंद्र सरकार २००५-०६ पासून अर्थसंकल्पासोबत स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं वेगळं निवेदन देतं. पण हे सगळं असूनही 'महिलांसाठी' म्हटलं की आपल्या वाट्याला शिलाई यंत्रं आणि हळदीकुंकू येतं. शिलाई यंत्राला आमचा विरोध नाही. पण क्रीडा, स्थापत्य, उद्यान या मोठ्या खात्यांचा पैसाही आपलाच आहे, तिथेही विचारलं पाहिजे की यातलं बाईला किती वापरता येतं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे सलग काही वर्षं प्रशासकानेच अंदाजपत्रक मांडलं व प्रशासकानेच मंजूर केलं. विचारायची सवय मोडली. ती पुन्हा लावून घ्यायला हवी.

आमच्या मागण्या अशा :

नवा तलाव बांधण्याआधी असलेल्यांपैकी एका तलावावर छत घाला, भिंती उभारा. त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आणि पुरी रक्कम हवी. नावापुरती टोकन तरतूद करून वर्षाअखेर ती दुसरीकडे वर्ग करणं नको.

बायकांच्या बॅचेस शिफ्टच्या वेळा पाहून ठेवा : पहाटे, सकाळी थर्ड शिफ्ट सुटल्यावर, आणि संध्याकाळी सहानंतर.

जीवरक्षक आणि शिकवणाऱ्या बायकाच असाव्यात. या नोकऱ्या आहेत, आपल्याच वस्त्यांतल्या मुलींना प्रशिक्षण देऊन त्या देता येतील.

अंगभर पोहण्याच्या कपड्यांना मुभा असावी. दर असे असावेत की घरकाम करणाऱ्या बाईलाही परवडावेत. महापालिका शाळांतल्या मुलींना पोहणं मोफत शिकवावं. अपंग बायकांसाठी उतार आणि कठडे असावेत.

देखभालीची रक्कम बांधकामाइतक्याच गांभीर्याने ठरवावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन वीसच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. बंद जागेत हवा खेळती ठेवण्याची आणि रसायनं हाताळण्याची काळजी दुपटीने घ्यावी लागेल.

दरवर्षी तलाव किती बायकांनी वापरला याचा आकडा जाहीर करा.

आयुक्त फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात. त्याआधी खात्यांची जुळवाजुळव सुरू होते, नागरिकांच्या सूचना घेतल्या जातात. आठही क्षेत्रीय कार्यालयांत आपल्या सह्यांचे अर्ज गेले पाहिजेत. आपल्या नगरसेविकेला भेटा. तिच्या पतिराजांना नव्हे, तिलाच भेटा. सभागृहात उपसूचना मांडायला तिच्या हाती हिशेब द्या. या अंकाचं हे पान कापून सोबत न्या.

ताईने अर्जावर पहिली सही केली आहे. तिच्या मुलीने विचारलं, "आई, तू खरंच पोहशील?" ती म्हणाली, "आधी तलाव तर होऊ दे. तोवर तू शीक."

पण ती शिकणार कुठे?

— संपादक मंडळाच्या वतीने