आभा क्रमांक आणि आपला केसपेपर

राष्ट्रीय डिजिटल ओळखव्यवस्थेविषयी आपल्या व्यवसायात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, हे सारे मोठ्या रुग्णालयांसाठी आहे, आमच्या दोन खोल्यांच्या चिकित्सालयाला त्याचे काय? दुसरा वर्ग संगणक घेऊन, त्यात कुठल्याशा कंपनीची प्रणाली बसवून आणि दर्शनी भागी क्यूआर कोडचा फलक लावून आपली तयारी पूर्ण झाली असे मानतो. आमच्या मते दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. तयारीचा महत्त्वाचा भाग संगणकाच्या आधी येतो. रुग्णाकडून कोणती माहिती घ्यावयाची, ती कोणत्या शब्दांत लिहावयाची आणि कोणाच्या नजरेस पडू द्यावयाची, हे प्रथम ठरवावे लागेल, आणि ते आपल्या वतीने अन्य कोणी ठरविणार नाही.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. त्यासंबंधीचा कायदा २०१६ साली झाला, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरविताना खासगी संस्थांनी आधारची सक्ती करण्यास आधार देणारी तरतूद मात्र रद्द केली. आरोग्यक्षेत्रापुरती स्वतंत्र व्यवस्था १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झाली व २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर सुरू झाली. तिचे तीन खांब आहेत: रुग्णाचा चौदा अंकी आभा क्रमांक, आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही आणि आरोग्यसंस्थांची नोंदवही. व्यावसायिकांच्या नोंदवहीत आयुर्वेदाच्या वैद्यांना स्थान आहे, आणि संस्थांच्या नोंदवहीत चिकित्सालयांबरोबर औषधालयांनाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आभा क्रमांक काढला म्हणजे रुग्णाची सारी कागदपत्रे दिल्लीतील एखाद्या कोठारात जाऊन पडतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच, म्हणजे त्या रुग्णालयाच्या वा चिकित्सालयाच्या प्रणालीत राहते. दुसऱ्या चिकित्सकाने मागणी केली आणि रुग्णाने आपल्या मोबाइलवरून संमती दिली, तरच ती त्याला दिसते. हे ऐकून काही व्यवसायबंधू निश्चिंत होतात. आमच्या मते त्यांनी अधिक सावध व्हावे. नोंद आपल्याकडे राहते याचाच अर्थ तिच्या रक्षणाची जबाबदारीही आपल्याकडे राहते.

तरीही या व्यवस्थेत आपण शिरावे, असेच आमचे स्पष्ट मत आहे. कारण व्यवहाराचे आहे. मधुमेहाचा वा रक्तदाबाचा रुग्ण आज एकाच वेळी आधुनिक वैद्यकाची औषधे आणि आपली औषधे घेत असतो. त्याच्या डिजिटल नोंदीत पहिल्या गोळ्यांची यादी असेल आणि आपल्या औषधांच्या जागी कोरी जागा असेल, तर ती कोरी जागा निरुपद्रवी नव्हे. मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णाला दीर्घकाळ ज्येष्ठमध चालू असेल, तर रक्तातील पोटॅशियम का घसरले हे अतिदक्षता विभागातील डॉक्टरला कळावे कसे? आरोग्यवर्धिनी घेणाऱ्याने “आयुर्वेदिक गोळ्या चालू आहेत” एवढेच सांगितले, तर तिच्यात कज्जली आहे, लोह, अभ्रक व ताम्र यांची भस्मे आहेत, कुटकी आहे, हे समोरच्याला कोण सांगणार? आणि मग यकृताच्या वा वृक्काच्या तपासणीत काही बिघडलेले दिसले की दोष सरसकट आयुर्वेदावर जातो. औषधाचे नाव, मात्रा, निर्माता आणि बॅच क्रमांक नोंदीत असेल, तर निदान चर्चा नेमक्या औषधाविषयी होईल. आपल्यापैकी अनेक जण आजही चिठ्ठीवर ‘चूर्ण क्रमांक २’ असे लिहितात. ती सवय या नव्या व्यवस्थेत टिकणारी नाही, आणि आम्हांस तिच्याविषयी फारसे वाईटही वाटत नाही.

निदानाच्या शब्दांचा प्रश्न याहून खोल आहे. संगणकावरील बहुतेक प्रणालींत निदानाचे रकाने आधुनिक वैद्यकाच्या संज्ञांनी भरलेले असतात. वैद्य घाईत असतो. आमवात, संधिगत वात, वातरक्त या सर्वांसाठी तो ‘सांधेदुखी’ एवढेच निवडतो आणि पुढे जातो. दहा वर्षांनी त्या नोंदी कोणी अभ्यासल्या तर आयुर्वेदाने काय पाहिले, काय वेगळे केले आणि कोणत्या विचाराने औषध बदलले, याचा मागमूसही मिळणार नाही. वस्तुतः आपल्या संज्ञांना अधिकृत स्थान मिळाले आहे. आयुष मंत्रालयाने २०१७ साली ‘नमस्ते’ या नावाने आपल्या व्याधिसंज्ञांचे संकेतांकांसह प्रमाणीकरण उपलब्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीला जोडून आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग प्रकाशित केला. प्रणाली खरेदी करताना या संज्ञा तिच्यात आहेत का, हा पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारावा. “मागाहून टाकून देऊ” असे उत्तर आले, तर धनादेशही मागाहूनच द्यावा.

व्यावसायिकांच्या नोंदवहीत नाव घालताना येणारी अडचण मात्र अगदी साधी आणि म्हणूनच त्रासदायक आहे. तेथे आधारवरून ओळख पटविली जाते व परिषदेकडील नोंदणीची पडताळणी होते. पदवीवर माहेरचे नाव, परिषदेच्या नोंदणीत तेच, आधारवर सासरचे. किंवा एका ठिकाणी वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ आद्याक्षर. नावे जुळली नाहीत की घोडे अडते. विवाहोत्तर नाव बदललेल्या वैद्य भगिनींना याचा जाच अधिक होतो. अर्ज करण्यापूर्वी पदवी, परिषदेचे प्रमाणपत्र, आधार आणि पॅन ही चार कागदपत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. परिषदेच्या नूतनीकरणाची मुदत टळली असेल तर आधी ते उरकावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही हेच करावे. आयुर्वेदीय औषधांच्या केवळ विक्रीसाठी औषध कायद्याखालील परवाना लागत नसल्याने दुकानाची ओळख जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी आणि दुकान नोंदणी यांवरच उभी असते. १ जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी मालकाच्या आधारशी जोडलेली आहे. दुकान आजोबांच्या नावे, जीएसटी वडिलांच्या नावे आणि गल्ल्यावर मुलगा, अशी जी आपल्याकडची जुनी रीत, ती आता मिटवून घेतलेली बरी.

आता त्या विषयाकडे वळतो ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दशविध परीक्षा सांगितली आहे, आणि त्याच अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर प्रकट करू नयेत अशी आज्ञाही आहे. हे दोन्ही एकाच अध्यायात असणे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. आपली प्रश्नपरीक्षा इतर कोणत्याही शास्त्रापेक्षा घरात खोल शिरते. मल, मूत्र, निद्रा, स्वप्ने, आर्तव, व्यवाय, सासूशी पटते की नाही, जेवण कोणाच्या नंतर होते, हे सारे आपण विचारतो आणि विचारलेच पाहिजे. वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी आलेली स्त्री वा वाजीकरणासाठी आलेला पुरुष आपल्यापुढे जे बोलतो, ते त्याने स्वतःच्या भावालाही सांगितलेले नसते.

कागदावरच्या केसपेपरात ही माहिती कपाटात बंद राहत असे. डिजिटल नोंदीत तिच्यावर पहारा असतो तो रुग्णाच्या संमतीचा. परंतु संमतीचा तो ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? तालुक्याच्या व खेड्याच्या ठिकाणी अद्यापही अनेक घरांत एकच क्रमांक सर्वांच्या नावापुढे दिलेला असतो आणि तो फोन बहुधा पतीच्या वा मुलाच्या खिशात असतो. एकाच मोबाइल क्रमांकावर घरातील अनेकांचे आभा क्रमांक जोडता येतात. सोयीचे आहे, यात शंका नाही. पण पूर्वी झालेल्या गर्भपाताविषयी सुनेने वैद्याला विश्वासाने सांगितलेली गोष्ट नोंदीत गेली आणि ती नोंद घरातल्या सामाईक फोनवर उघडली, तर कायद्याच्या भाषेत संमती मिळालेली असेल आणि त्या बाईचा संसार मात्र उद्ध्वस्त होईल. ती पुन्हा आपल्या दवाखान्याची पायरी चढणार नाही. चढली तरी खरे सांगणार नाही, आणि खोट्या इतिहासावर चिकित्सा कशी करावी हे कोणत्याही संहितेत सांगितलेले नाही.

म्हणून आमची सूचना अशी की केसपेपराचे दोन भाग करावेत. निदान, औषध, मात्रा, पथ्य, तपासण्यांचे निष्कर्ष आणि औषधाची असात्म्यता हा एक भाग. तो आभाशी जोडावा, कारण पुढच्या चिकित्सकाला त्याची गरज आहे. प्रश्नपरीक्षेतील खासगी वृत्तांत हा दुसरा भाग. तो वैद्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, कुलुपाखाली ठेवावा. जोडणी करण्यापूर्वी रुग्णाला, विशेषतः स्त्री रुग्णाला, एकांतात विचारावे की दिलेला फोन कोणाचा आहे. आभा ऐच्छिक आहे. रुग्ण नको म्हणाला तर त्याचे कारण विचारण्याची आवश्यकता नाही, आणि त्यावरून त्याला शेवटचा क्रमांक देण्याचा तर मुळीच अधिकार नाही.

आधारच्या झेरॉक्सविषयीही बोलले पाहिजे. हल्ली कित्येक चिकित्सालयांत आणि पंचकर्म केंद्रांत नवीन रुग्णाकडून ती सर्रास मागितली जाते. कशासाठी, असे विचारले तर स्वागतकक्षातील मुलीला सांगता येत नाही. मालकालाही बहुधा येत नाही. एका बाजारपेठेतील औषधी दुकानात चूर्णाच्या पुड्या अशाच झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर बांधलेल्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. अविपत्तिकर चूर्णाबरोबर गिऱ्हाईक कोणा अपरिचिताचा फोटो, जन्मतारीख, पत्ता आणि बारा अंक घरी नेत होते. दुकानदार सज्जन होता, कागद वाया जाऊ नये एवढाच त्याचा हेतू. बाह्यरुग्णाला तपासण्यासाठी आधारची प्रत लागत नाही आणि आधार नाही म्हणून खासगी चिकित्सकाने कोणाला परत पाठविण्याचे कारण नाही. विम्याच्या वा अन्य कामासाठी ओळख पटविणे भागच असेल, तर शेवटचे चार अंकच दिसणारे झाकलेले आधारपत्र चालते का ते पाहावे, किंवा कार्डावरील क्यूआर कोड अधिकृत ॲपने तपासून कार्ड तेथल्या तेथे परत करावे. साठलेल्या प्रतींचे गठ्ठे रद्दीत न देता फाडून नष्ट करावेत.

ज्यांना हा उपदेश वाटेल त्यांच्यासाठी कायद्याची बाजू. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली. हा कायदा डिजिटल स्वरूपातील माहितीस लागू आहे. कागदी केसपेपर त्याच्या कक्षेत येत नाही. परंतु तोच केसपेपर स्कॅन केला की येतो. जुनी कपाटे रिकामी करण्याच्या उत्साहात वीस वर्षांचे कागद एका आठवड्यात स्कॅन करून घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. सुरक्षेची योग्य व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती आपल्यासारख्यांसाठी ठेवलेली नाही हे उघड आहे, पण त्याहून कितीतरी लहान आकडाही एका दवाखान्याला पुरेल. माहिती संगणक कंपनीकडून फुटली तरी उत्तरदायी चिकित्सालयच राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेची संगणकव्यवस्था सायबर हल्ल्याने कित्येक दिवस ठप्प झाली होती. मग ‘आमचा पासवर्ड भिंतीवर चिकटवला आहे, म्हणजे नव्या मदतनिसालाही सोपे’ अशा व्यवस्थेविषयी काय बोलावे?

औषधविक्रेत्यांनी आपल्या मोबाइलकडेही पाहावे. वैद्यांच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर येतात, त्यांवर रुग्णाचे नाव आणि व्याधी असते, आणि तो फोन दिवसभर गल्ल्यावर उघडा पडलेला असतो. औषध दिले, बिल झाले की ती छायाचित्रे पुसून टाकावीत. ग्राहकाचा आभा क्रमांक साध्या बिलासाठी विचारण्याचे प्रयोजन नाही.

संघटनेकडे आमची दोन मागण्या आहेत. नावांतील तफावत दुरुस्त करण्यासाठी परिषदेच्या सहकार्याने जिल्हावार शिबिरे भरवावीत; एकेका वैद्याने मुंबईला खेटे घालण्यापेक्षा ते सर्वांच्या सोयीचे होईल. आणि रुग्णाला द्यावयाच्या सूचनेचा व संमतीचा एक मराठी मसुदा सर्व सभासदांसाठी तयार करावा. अशी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध असावी, असे कायदाच सांगतो. तेव्हा इंग्रजी नमुन्याचे ओढूनताणून भाषांतर करण्याचे कारण नाही. काय लिहून घेतले जाईल, कोणाला दिसेल, नको असल्यास कोणाला सांगावे, एवढेच त्यात यावे. मसुदा एका पानाहून मोठा नसावा, आणि टंक इतका ठळक असावा की चाळिशी घरी विसरून आलेल्या रुग्णालाही तो तिथल्या तिथे वाचता येईल.