भिंत उभी राहिली; पुढे काय?

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी-उंदेरी दिसतात आणि पाठीशी नारळ-सुपारीच्या वाड्या. इथल्या मुलांना चढाई शिकण्यासाठी छपराखालची भिंत कशाला हवी, असे आमच्या एका सहकाऱ्याने परवा विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पावसाळ्यात आहे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा कातळ शेवाळतो, झाडांची खोडे निसरडी होतात आणि नेमके तेव्हाच महाविद्यालयांचे पहिले सत्र चालू असते.

बोल्डरिंग म्हणजे दोराविना, चार-साडेचार मीटर उंचीपर्यंत, खाली जाड गादी अंथरून केलेली चढाई. धरमतरची खाडी ओलांडली की नवी मुंबई. तेथे २०१६ आणि २०१७ साली या खेळाची विश्वचषक स्पर्धा ‘गिरिविहार’ या जुन्या गिर्यारोहण संस्थेच्या पुढाकाराने झाली. २०२१ साली टोकियोला तो इतर दोन चढाई प्रकारांना जोडून ऑलिम्पिकमध्ये आला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याला स्वतंत्र पदक द्यायचे ठरले आहे. तेव्हा तालुका क्रीडासंकुलांतून अशा भिंतींची मागणी होणार, हे उघड आहे.

माझी चिंता मागणीची नाही, खर्चाच्या शीर्षांची आहे. उंच भिंत रस्त्यावरून दिसते, उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभते. परंतु तिथे प्रत्येक चढणाऱ्यामागे दोर सांभाळणारा एक जाणता माणूस लागतो. ठेंगण्या भिंतीवर एका शिक्षकाच्या देखरेखीखाली पाच-सहा मुले सहज चढतात. ज्या गावी प्रशिक्षक दुर्मीळ, तिथे कोणती भिंत परवडते, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको.

या भिंतीची रचनाही समजून घ्यावी. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूडचे तक्ते, तक्त्यांत ओळीने पाडलेली छिद्रे आणि त्यांमागे आटे असलेले नट. हाता-पायांच्या पकडी, म्हणजे होल्ड, बोल्टने कसायच्या आणि काही आठवड्यांनी काढून नव्या जागी लावायच्या. चढाईच्या प्रत्येक मांडणीला हे लोक ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. तीच प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे दिली तर विद्यार्थी काय शिकेल? आपल्या अंदाजपत्रकांत इमारतीला रक्कम असते, प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला नसते. ग्रंथालये बांधून पुस्तकांना पैसे न ठेवणारे आपणच!

किनाऱ्यावर आणखी एक पेच आहे. खारट हवेत साधे बोल्ट गंजतात, आणि गंजलेला बोल्ट फिरला नाही की होल्ड जन्माचा तिथेच. म्हणून स्टेनलेस बोल्ट आणि मरीन प्लाय आरंभीच घ्यावे. सर्वांत कमी दराची निविदा इथे सर्वांत महाग पडते. सगळी भिंत पुढे झुकलेली नको. मागे कललेल्या भागावर नवखा पायांवर विसंबायला शिकतो. कमी उंचीच्या मुलामुलींसाठी काही मांडण्यांत पकडींमधील अंतरही कमी हवे.

ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ साली तेथील एका बोळाच्या भिंतीत दगडांचे तुकडे बसवले. त्या भिंतीवर उत्तम गिर्यारोहक तयार झाले.

थळला सभागृह नसले तर शाळेची एखादी पडवीही चालेल, मात्र छप्पर पुरेसे उंच हवे आणि गादीसाठी पुढे अडीच-तीन मीटर जागा मोकळी हवी. मंजूर रकमेचा दहावा हिस्सा दरवर्षी नव्या होल्डसाठी आणि मांडणी करणाऱ्याच्या मानधनासाठी वेगळा काढावा. गावातील दोन तरुणांना हे काम मुंबईत किंवा पुण्यात शिकवून आणावे, आणि तो खर्च भिंतीच्या मूळ प्रस्तावातच दाखवावा.