अंबाडीचा एक वाफा

मृगाचा पाऊस पडून गेला कीं आमच्या शाळेंतील मुलें बियांच्या पुड्या मागूं लागतात, आणि त्याच सुमारास कांहीं पालकांचा एक प्रश्नही आमच्या कानीं येतो. "मुलास शाळेंत घातलें तें विद्येसाठीं, त्याला मातींत हात घालावयास कां लावतां? भाजी काय बाजारांत मिळत नाहीं?" असें विचारणारे पालक मुलाचें हितच इच्छितात. म्हणून त्यांस आदरपूर्वक उत्तर देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं, अंगण असेल तर अंगणांत व नसेल तर गच्चीवरील कुंडींत, लाल अंबाडीचीं दोन-चार झाडें असावींत आणि तीं त्यानें स्वतःच्या हातानें वाढवावींत.

अंबाडीच कां, असें कोणी म्हणेल. गुलाब-शेवंतीस आमचा विरोध नाहीं. परंतु लहान मुलाच्या हातीं देण्याजोगें इतकें उदार झाड दुसरें आम्हांस माहीत नाहीं. कोंवळ्या पानांची आंबट भाजी, तींत तुरीची डाळ व कण्या, वर लसणाची फोडणी आणि बरोबर ज्वारीची भाकरी, हें जेवण आपल्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या खाल्लें आहे. हिरव्या अंबाडीच्या सालीचा वाख काढून शेतकरी बैलांचे कासरे व दोर वळीत असत. तिची बहीण लाल अंबाडी, हिचीं बोंडें चटणीस व सरबतास उपयोगी पडतात. तेलुगु मुलखांत अंबाडीच्या पानांस गोंगुरा म्हणून केवढा मान आहे! आपल्याकडे मात्र चार बुकें शिकलेल्या घरांतून ती गरिबांची भाजी म्हणून मागें पडली. लहानपणीं डब्यांत ही भाजी असली म्हणजे ती झांकणाआड लपवून खाणाऱ्यांपैकीं आम्हीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

लागवड कठीण नाहीं. जून-जुलैंत, पाऊस स्थिर झाल्यावर, भरपूर ऊन येईल अशा जागीं वाफा करावा. बीं रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरावें. आठवड्याभरांत रोपें वर येतात. वाफ्यांत पाणी सांचूं देऊं नये, नाहीं तर मूळ व खोड कुजतें. नुसती भाजी हवी असेल तर रोपें दाट राहिलीं तरी चालतात. बोंडें हवीं असतील तर दोन झाडांत २ ते ३ फूट अंतर ठेवून बाकीचीं उपटून भाजीस घ्यावींत. रोप फूटभर उंच झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून झाड भरदार होतें. कुंडी दीड फूट खोल व तळाशीं भोकें असलेली घ्यावी, आणि एका कुंडींत एकच झाड ठेवावें. भेंडी, कापूस व जास्वंद हीं अंबाडीच्याच कुळांतील आहेत. यास्तव गेल्या वर्षीं जेथें भेंडी होती तेथें यंदा अंबाडी लावूं नये. लाल ढेकण्या किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास सकाळीं हातानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकणें, हा मुलांस साधणारा उपाय आहे.

हल्लीं रोपवाटिकांतून क्रॅनबेरी हिबिस्कस या नांवानें हिचीच एक आफ्रिकेंतील बहीण विकावयास येते. तिचीं पानें गर्द तांबडीं व चवीस आंबट असून तिची फांदी लावली तरी जगते. तिच्या दोन जनकजातींपैकीं एकीस वनस्पतिशास्त्रांत आपल्या सुरत शहरावरून नांव पडलें आहे, ही मौजेची गोष्ट होय. शोभेस व कोशिंबिरीस ती उत्तम. परंतु तिचीं बोंडें मांसल होत नाहींत. बोंडांसाठीं लाल अंबाडीच हवी. तिचें फूल फिकट पिवळें, मध्यें काळसर तांबडें, आणि एकच दिवस टिकणारें असतें. तें गळाल्यावर त्याचीं निदलें फुगून लाल होतात, त्यांसच आपण बोंड म्हणतों. सुमारें तीन आठवड्यांनीं, बोंड करकरीत असतांनाच, तें खुडावें.

सरबत स्टीलच्या किंवा कांचेच्या भांड्यांत करावें. कल्हई नसलेल्या पितळेंत आंबट पदार्थ कळकतो, हें कोणत्याही आजीबाईंस विचारावें. त्या लाल पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर रंग निळसर-हिरवा होतो, आणि लिंबू पिळलें कीं पुन्हां लाल. आम्ल व आम्लारी यांचा धडा यापरता सोपा कोणता? मात्र पानांत ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळें मूतखड्याची व्यथा असलेल्यांनीं भाजी बेतानें खावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. पहिल्या वर्षीं आम्हीं उत्साहाच्या भरांत शाळेच्या वाफ्यांत शेणखत आणि वर युरिया सढळ हातानें घातला. झाडें पुरुषभर उंच झालीं, पानांची नुसती गर्दी! ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, पण फुलाचा पत्ता नाहीं. अधीर होऊन आम्हीं आणखी खत घातलें. शेवटीं बोंडें आलीं तीं इतकीं थोडीं कीं मुलांस वांटतांना आम्हांसच संकोच वाटला. पुढें चौकशी केली तेव्हां दोन गोष्टी समजल्या. एक ही कीं, नत्राचा अतिरेक झाला म्हणजे झाड पानांतच रमतें. दुसरी ही कीं, अंबाडी दिवसाची लांबी ओळखते. मुंबईच्या बाजूस जूनमध्यें दिवस १३ तासांहून कांहींसा मोठा असतो व डिसेंबरांत ११ तासांवर येतो. दिवस आंखूड आणि रात्री लांब होऊं लागल्याशिवाय हें झाड कळी धरीत नाहीं. मग माळी कितीही अधीर असो. करिंथकरांस लिहितांना पौलानें मळ्याचाच दाखला कां घेतला, हें त्या वर्षीं आम्हांस उमगलें.

पालकहो, आमच्या हातून त्या वाफ्यांत जें झालें तें आज पुष्कळ घरांत मुलांच्या बाबतींत होत आहे. सकाळीं एक शिकवणी, सायंकाळीं दुसरी, आणि शेजारच्या मुलाच्या टक्केवारीशीं रोजची तुलना! पाठांतराचीं पानें दाट होतात, पण विचाराचें बोंड धरत नाहीं. आणि दोष मात्र मुलाच्या बुद्धीस दिला जातो. यांत आम्ही आळसाची तरफदारी करीत आहों असें कोणी समजूं नये. वेळेवर पेरणी, खुरपणी व पाणी यांत कसूर केली तर दिवस आंखूड होऊनही झाडाला कांहीं येणार नाहीं. श्रमाची टाळाटाळ जशी वाईट, तशीच फळाची घाईही वाईट. हा विवेक आम्ही फळ्यावर लिहून शिकवूं शकत नाहीं. सहा महिने एका वाफ्यापाशीं बसलेलें मूल तो आपोआप शिकतें.

आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर लाल अंबाडीचें बीं अमेरिकेकडे गेलें असें म्हणतात. जमैका बेटांत १७०७ सालीं तिची लागवड होती, आणि आजही तेथें नाताळांत या बोंडांचें आलें घातलेलें लाल पेय करतात. आपल्याकडेही बोंडें नाताळाच्या सुमारासच हातीं येतात. तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, यंदा पहिलें सरबत ज्यांच्या घरीं सण गोड होणार नाहीं त्यांस नेऊन द्या. एक झाड बियांसाठीं राखा, आणि पुढील जूनमध्यें त्या बियांची एक पुडी नव्या विद्यार्थ्यासाठीं शाळेंत आणा. आणि तुमच्यापैकीं कोणाच्या डब्यांत अंबाडीची भाजी आली, तर झांकण पूर्ण उघडा व शेजाऱ्यास अर्धी वाढा. आमच्या हातून जें लहानपणीं झालें नाहीं तें तुमच्या हातून व्हावें, एवढीच आमची इच्छा आहे.